पात्यावरचं पाणी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरला असशील, तर आधी श्वास सोड. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो गेली सहा वर्षं कुरकुरतोय, आणि त्याच्या कुरकुरीकडे आता मी तुझ्या भाषणांइतकंच लक्ष देते. फोन करता आला असता हे मलाही कळतं. पण फोनवर तू पहिल्या दोन मिनिटांत 'हो ताई, बघतो ताई' म्हणतोस, आणि एकदा तू 'बघतो' म्हणालास की माझ्या बोलण्यातला जोरच जातो. पत्राला मध्येच 'बघतो' म्हणता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय बघायचं ते बघ.

मंगळवारी नगरपालिकेच्या सभेत दगड कापायच्या कारखान्यांचा विषय चौथ्यांदा येतोय. प्रत्येक पात्यावर पाण्याची धार हवी, आणि ती खरंच लावलेली आहे का हे वर्षातून दोनदा जाऊन बघणारा माणूस हवा. एवढाच तो ठराव, अर्ध्या पानाचा. पात्यावर पाणी असलं की धूळ जागच्या जागी बसते, नसलं की ती माणसाच्या छातीत जाऊन बसते. असा एक माणूस आपण पाच महिन्यांपूर्वी पोचवून आलो. दुसरा, त्याचा धाकटा भाऊ, आजही त्याच यंत्रापाशी उभा आहे आणि बोलता बोलता खोकतोय. हे सगळं तुला माहीत आहे. मी दोनदा सांगितलं आहे. तेव्हा हे पत्र तुझी मनधरणी करायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मनधरणी करून झाली.

दुसऱ्यांदा सांगितलं तो रविवार आठवतो ना? तू आमच्याकडे आला होतास, खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होतास आणि चहात बिस्किट बुडवून त्याचा लगदा होईपर्यंत विसरला होतास. मी विषय काढला तर म्हणालास, 'ताई, तू यात पडू नकोस. तुझं काम किती पवित्र आहे, त्याला कशाला चिखल लावून घेतेस?' मी कपबशा उचलल्या आणि आत गेले. पण तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. पवित्र! आयुष्यभर आपण दोघांनी ज्या शब्दाला लांब ठेवलं, तो तू अगदी सहज माझ्या कपाळी चिकटवलास. आणि चिखलाचं म्हणशील, तर मागणी चिखलाचीच आहे रे. दगड ओला कापला की खाली चिखल होतो. कोरडा कापला की फरशी स्वच्छ राहते आणि माणूस मरतो.

तू विसरला नसशील, पण मला पुन्हा लिहावंसं वाटतंय, की आपलं हे निरोपाचं मंडळ निघालं कसं. बाबा गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. त्यांनी सांगून ठेवलं होतं, माझ्यासाठी मंत्र नको, प्रार्थना नको, कोणी मधला माणूस नको. सगळे नातेवाईक रुसून मागच्या रांगेत उभे होते आणि बोलायला कोणीच नव्हतं. मग आईच उभी राहिली. तिने सांगितलं की हा माणूस मनाने मोठा होता, परक्याच्या मुलांना रात्रशाळेत शिकवायचा, आणि घरातलं वर्तमानपत्र मात्र स्वतःच्या आधी कोणाला उघडू द्यायचा नाही. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले, आणि हसता हसता जे रडले ते खरं रडले. दुसऱ्या आठवड्यात भूगोलाचे मास्तर आईला भेटायला आले, म्हणाले, माझ्या वडिलांसाठीही असंच बोलाल का? तिथून सुरुवात झाली. ज्यांना कुठलाच धर्म नको, किंवा ज्यांना कुठलाच धर्म घ्यायला तयार नाही, अशा सगळ्यांचा निरोप आपण करायला लागलो. आणि आईची ती एक गोष्ट पद्धतच होऊन बसली: माणसाचं कितीही चांगलं सांगा, पण त्याची एक खोड सांगितल्याशिवाय निरोप पुरा करायचा नाही. खोड लपवली तर तो माणूस राहत नाही, असं आई म्हणायची.

मास्तरांनी मग नियम लिहून काढले. त्यातला सातवा मला तोंडपाठ आहे, कारण त्याच्यासाठी सगळ्यात जोरात मीच भांडले होते. हॉलमध्ये राजकारण नाही, आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूस मंडळात नाही. मला तो नियम फार आवडायचा. मी दिवसभर हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत काम करायचे. या पक्षाच्या मोर्चात हात मोडलेला आणि त्याचा हात मोडणारा, दोघेही एकाच बाकावर बसायचे, आणि मी दोघांनाही सारख्याच ओल्या पट्ट्या गुंडाळायचे. हाडाला पक्ष नसतो, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. मला वाटायचं, माणुसकी म्हणजे हीच खोली. दार सगळ्यांना उघडं, आणि बाहेर कोणी काय केलं त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. बत्तीस वर्षं मी त्या खोलीत काढली आणि एकदाही कोणाला विचारलं नाही, की एकाच कारखान्यातून दर महिन्याला मोडलेला अंगठा का येतो.

अठरा वर्षांपूर्वी तू पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिलास. मंडळातून तुला काढायचं की नाही यावर बैठक झाली. तू हॉलच्या खुर्च्या लावणारा, माइक नीट करणारा, मागे उभं राहून सगळ्यांच्या आधी रडणारा. तुला आपलं म्हणणं मांडायला दोन मिनिटं दिली होती, तू अर्धंच मिनिट बोललास. 'माणसं आपली म्हणायची, आणि त्यांच्या नळाची बैठक असली की घरी निघून जायचं, हे मला जमत नाही,' एवढंच म्हणालास. आणि मतदानाच्या वेळी मी हात वर केला. सगळ्यात आधी केला, कारण बहीण म्हणून मागे राहिले असं कोणी म्हणायला नको होतं. तू माझ्याकडे बघितलंस, माइकची वायर नीट गुंडाळून कपाटात ठेवलीस आणि गेलास. त्या बैठकीबद्दल आपण आजवर एक शब्द बोललो नाही. आज बोलते. तू बरोबर होतास, मी चुकले. चढावरच्या वस्तीत तू पहिल्या दोन वर्षांत पाणी नेलंस. तिथल्या बायकांचं मानेचं आणि पाठीचं दुखणं घेऊन हॉस्पिटलमध्ये येणं कमी झालं, ते आमच्या रजिस्टरवर दिसत होतं. मी कितीही गोड बोलून निरोप केले असते, तरी त्यातली एक मान सरळ झाली नसती. मला तुझा तेव्हा इतका अभिमान वाटला होता की मी तो कोणाला सांगितला नाही, तुला तर नाहीच.

आता त्या दगड कापणाऱ्या कारागिराचं सांगते. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बायकोकडे गेले. ती बेकरीत कामाला आहे. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भट्टीच्या ट्रेचे चटके, काही जुने, काही ताजे. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, आणि स्वयंपाकघराचा ओटा मात्र एखाद्या बंगल्यात शोभेल असा, काळ्या दगडाचा, उरल्यासुरल्या तुकड्यांतून जोडलेला, पण सांधा शोधून सापडणार नाही. त्यानेच केला होता. ती म्हणाली, तो कोणाच्याही घरी गेला की आधी ओट्याच्या कडेवरून हात फिरवायचा आणि यजमानालाच सांगायचा की हे तुम्हाला फसवलं. शेजाऱ्यांच्या सुऱ्या धार लावून द्यायचा. आणि खोड विचारली तर ती पटकन म्हणाली, चुकला तरी कधी माफी मागायचा नाही, मुकाट्याने जाऊन भांडी घासायचा. भांडी घासलेली दिसली की मी समजायचे, याचं काहीतरी चुकलंय. मी सगळं लिहून घेतलं. मग तिने कपाटातून एक फाइल काढली. फुफ्फुसांचा फोटो, डॉक्टरांचा अहवाल, आणि नगरपालिकेला दिलेल्या दोन अर्जांच्या प्रती. कारखान्यात कोरडं कापतात, पाणी लावायला सांगा, असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. ती म्हणाली, हेही सांगा. मी म्हटलं, सांगते. वहीत एक ओळ लिहिली: दगडाच्या धुळीने गेला, आणि ती धूळ थांबवता आली असती.

त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तू प्रत्येकाच्या निरोपाला जातोस, त्याच्याही येणार होतास. तू फक्त एवढंच विचारलंस, 'ताई, किती वाजता आहे?' मी वेळ सांगितली. तू बरं म्हणालास. दुसरं काही बोलला नाहीस, सुचवलं नाहीस, तुझा आवाजही नेहमीसारखाच होता. फोन ठेवला आणि मी पेन्सिल उचलून ती ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी तू पहिल्या रांगेत बसला होतास, पांढरा शर्ट, हात मांडीवर. मी त्याच्या सुऱ्यांचं सांगितलं, ओट्याच्या कडेचं सांगितलं, भांड्यांचं सांगितलं. सगळा हॉल हसला, तूही हसलास, डोळे पुसलेस. बाहेर आल्यावर मास्तर मला म्हणाले की इतका सुरेख निरोप बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी घरी येऊन शांत झोपले. हे तुला सांगायला लाज वाटते, पण खरंच शांत झोपले.

तीन आठवड्यांनी बेकरीवाली दारात उभी. निरोपाची प्रत आपण घरच्यांना लिहून देतो ना, ती हातात. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, 'मावशी, हे परत घ्या. तो चुकला तर माफी मागायचा नाही, हे तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं. मीही हसले, खरंच होतं ते. पण त्याच्या बाबतीत जे चुकलं, त्याची माफी कोणी मागायची, ते या कागदावर कुठेच नाही.' मी तिला सातवा नियम सांगायला लागले. आमच्याकडे राजकारण बोलत नाहीत, वगैरे. ती म्हणाली, 'मी कुठे राजकारण सांगितलं? मी पाणी सांगितलं. पात्यावर पाणी.' आणि कागद चपलांच्या रॅकवर ठेवून जिना उतरली.

धाकट्या, चाळीस वर्षांत मंडळाने पुष्कळ चुका केल्या असतील, पण ही चूक फक्त आम्हालाच जमण्यासारखी होती. मेलेल्या माणसाची खोड शोधून काढायची, पानावर आणायची, लोकांना हसवायचं, आणि जिवंत माणसांच्या हातून जे घडलं त्याबद्दल मिठाची गुळणी धरायची. तीही तत्त्व म्हणून! मी दोन दिवस कागद तसाच रॅकवर ठेवला. येताजाता दिसायचा. मग एका सकाळी डबा घेऊन नगरपालिकेत गेले आणि जुन्या सभांची इतिवृत्तं मागितली. तिथल्या कारकुनाला वाटलं असणार, म्हातारीला वेळ जात नाही. तीन दिवस रोज सकाळी वाचत बसले. पाण्याचा ठराव तीनदा आला होता. तिन्ही वेळा 'विषय पुढील बैठकीत घ्यावा'. आणि तशी सूचना मांडणाऱ्याचं नाव तिन्ही ठिकाणी तुझं.

मला वाटलं होतं, तू नुसता हजर असशील. हात वर करणाऱ्या गर्दीतला एक असशील. सूचना तुझी असेल असं मनातही आलं नव्हतं. मी तिथेच, त्या लांब टेबलापाशी, रडले. कारकुनाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि दुसरीकडे बघत बसला. चढावर पाणी नेणारा माझा भाऊ, आणि हे भिजत घोंगडं ठेवणारा तू, हे दोघे एकच आहेत हे मला पचेना. का केलंस तेही मला ठाऊक आहे. कारखानदार तुझे लहानपणचे दोस्त, समोर बसून चहा पितात, आणि तुला तोंडावर नाही म्हणता येत नाही. कधीच येत नव्हतं. वाईट माणूस नाहीस तू. वाईट असतास तर माझं काम सोपं झालं असतं.

आणि माझं काय? तुला नावं ठेवून मी सुटत नाही. ती ओळ मी का खोडली, याचा मी तिथे बसूनच विचार केला. नियमामुळे खोडली असं मी स्वतःला सांगितलं होतं. नियम होताच, पण त्या संध्याकाळी मला नियम आठवलाही नव्हता. मला तू आठवला होतास. पहिल्या रांगेत, सगळ्यांसमोर, मान खाली घातलेला. माझ्या भावाला ते सोसावं लागू नये म्हणून मी दुसऱ्या एकाच्या भावाला एकटं सोडलं. याला राजकारण नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? मी राजकारणापासून लांब राहिले नव्हते, मी तुझ्या बाजूने उतरले होते. फक्त भाषण न करता.

तिथून सरळ कारखान्यात गेले. शेवटल्या थांब्यावर उतरून दहा मिनिटं चालावं लागतं. पत्र्याची लांब शेड, आत सगळं पांढरंफटक, माणसांच्या पापण्यासुद्धा. प्लास्टरच्या खोलीतही अशीच पांढरी पूड असायची, पण पट्टी पाण्यात बुडवली की ती बसायची. एवढं साधं आहे हे, आणि मला बत्तीस वर्षं माहीत होतं. कारागिराचा भाऊ यंत्र बंद करून बाहेर आला. तोंडाला नुसता रुमाल. पाणी का लावत नाही म्हटलं तर हसला. म्हणाला, 'पाणी लावलं की पेन्सिलीची रेघ पुसली जाते, काम मागे पडतं. आणि एकट्याने लावलं तर मालक म्हणतो, तू एकटाच नाजूक का?' आणि मग खोकायला लागला. मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण खोकला थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि हाताला सगळ्या बरगड्या लागत होत्या. असा माणूस एकटा काही करू शकत नाही, हे मला त्या वेळी कळलं. त्याच्यासाठी सगळ्यांच्याच पात्यांवर पाणी हवं, आणि ते फक्त नगरपालिका लावू शकते. माझी कितीही माया असली तरी ती पात्यावर लावता येत नाही.

मग मी मंडळाची बैठक बोलावली. मास्तर आता शहाऐंशीचे आहेत, काठी टेकत आले, पण बोलायला उभे राहिले तेव्हा काठी बाजूला ठेवली. ते मनापासून विरोधात होते, आणि त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं, हे तुलाही कळायला हवं. ते म्हणाले, 'आपल्या हॉलमध्ये एकमेकांची तोंडं न बघणारी माणसं शेजारीशेजारी बसून रडतात. ही एकच जागा उरली आहे. उद्या तिथे कोणी मतं मागायला उभा राहील आणि मेलेला माणूस प्रचाराला जुंपला जाईल. मग कोणाचाच निरोप नीट होणार नाही.' मी म्हटलं, मास्तर, झेंडा मलाही नको. मंडळाने कोणाच्या मागे उभं राहू नये. पण माणूस कशाने गेला हे घरच्यांना सांगावंसं वाटत असेल, तर ते आपण खोडायचं नाही. मग समोर कोणी का बसलेला असेना. माणूस आपला म्हणायचा आणि तो मेल्यावरच आपला म्हणायचा, हे कसलं आपलेपण? तुझंच अठरा वर्षांपूर्वीचं वाक्य मी जरा फिरवून वापरलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. नऊ जण माझ्या बाजूने, चार मास्तरांच्या. मास्तर हरले, आणि मग म्हणाले, ठराव मीच लिहितो, तुमच्या कोणाचं अक्षर धड नाही. लिहिलासुद्धा, एकही खाडाखोड न करता.

सातव्या नियमाचा दुसरा अर्धा भाग, निवडणुकीला उभा राहील तो मंडळात नाही, तोही काढून टाकू असं दोघांनी सुचवलं. मी म्हटलं, तो राहू दे. तो चांगला आहे. ज्याला मतं मागायची आहेत त्याने रडणाऱ्या माणसांसमोर उभं राहू नये. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. बैठक संपल्यावर मी निरोपांची वही त्यांच्या हातात दिली. एकशे चाळीस माणसं आहेत तिच्यात, आईच्या काळापासूनची. मला जगात सगळ्यात चांगलं जमतं ते एकच काम, आणि ते मी आपल्या हाताने सोडलं. बेकरीवालीकडे जाऊन मी निरोप नव्याने लिहून दिला, ती ओळ घालून, आणि माफी मागितली. त्या काळ्या ओट्यावर तिने पाव कापला आणि माझ्यापुढे ठेवला, आणि आम्ही दोघींनी उभ्याउभ्याच खाल्ला.

आता राहिलं मुख्य. काल दुपारी बारा वाजता मी आपल्या वॉर्डातून उमेदवारी अर्ज भरला. तुझ्याविरुद्ध. सूचक म्हणून बेकरीवालीची सही आहे, अनुमोदक कारागिराचा भाऊ. पक्षाच्या रकान्यात अपक्ष. उद्याच्या वर्तमानपत्रात यादी येईल आणि तुझे चहावाले दोस्त ती तुला हसत हसत वाचून दाखवतील. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून आजच हे पत्र माणसाबरोबर पाठवतेय. अर्ज मागे घ्यायची मुदत गुरुवारी पाचपर्यंत आहे. मंगळवारी पाण्याचा ठराव मंजूर झाला, तर बुधवारी सकाळी मी जाऊन अर्ज मागे घेईन आणि घरोघर जाऊन सांगेन की माझ्या भावाने हे केलं, त्यालाच मत द्या. चौथ्यांदा पुढे ढकललास, तर घरोघर तशीही जाणारच आहे, आणि गुडघा दुखतो म्हणून एकही जिना सोडणार नाही. मला भाषण येत नाही, पण दाराशी उभं राहून माणसांशी बोलण्याशिवाय चाळीस वर्षं दुसरं काही केलेलंच नाही, तेव्हा मला हलक्यात घेऊ नकोस. मी तुला हरवायला निघाले नाही, तुला परत मिळवायला निघाले आहे, पण त्यासाठी हरवावं लागलं तर हरवीन. अर्जात वय विचारलं, शिक्षण विचारलं, व्यवसाय विचारला. समोरच्या उमेदवाराशी नातं काय, असा रकाना कुठेच नव्हता. असता, तर तिथेच लिहून मोकळी झाले असते, आणि तुला एवढं लांबलचक पत्र वाचावं लागलं नसतं.

मंगळवारी काहीही झालं तरी तुझीच,
ताई